एकटी बाई म्हणजे फॅमिली नव्हे

संपादकसाहेबांचा माणूस घरी आला तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. चांगला मुलगा. पाया पडला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या हॉटेलातली ती गोष्ट आम्हाला दिवाळी अंकाला पाहिजे. दुष्काळात अडकलेल्या मास्तरीणबाईंना मालकांनी आसरा दिला होता ना, ती. माणुसकीची गोष्ट म्हणून छापायची आहे."

मी विचारलं, "कुणी सांगितली तुला?"

तर म्हणे मालकाच्या मुलानं. त्यानं म्हणे गल्ल्याच्या मागं बापाचा फोटो लावलाय, रोज ताजा हार घालतो आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ही कहाणी ऐकवतो. आमच्या वडिलांनी अमुक केलं, आमच्या वडिलांनी तमुक केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोराचा काही दोष नव्हता, पण सापडला बिचारा माझ्या तोंडी. त्याला मी जे काही बोलले ते ऐकून शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली. शेवटी त्याला चहा करून दिला आणि सांगितलं, जा बाबा, पाठवते लिहून. म्हणजे मी सांगते आणि सून लिहिते. ती माझं बोलणं जरा धुऊन पुसून घेते, शिव्या तर तिनं सगळ्याच गाळल्या आहेत. वाचताना एखादं वाक्य मध्येच तुटलं असं वाटलं तर तिथं शिवी होती असं समजावं.

आता आधी हॉटेल सांगते. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याला लागून, एसटी थांबते तिथून चार पावलांवर. खाली खानावळ आणि चहा, वर लॉज. मी तिथं भाकरी थापायचे. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी हात वर केले, पदरात एक पोरगा. मालकानं हॉटेलच्या मागं पत्र्याची एक खोली दिली. दया आली म्हणून नव्हे, तर उजाडायच्या आत चूल पेटावी म्हणून. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या त्याचाही हार निघायचा.

भाकरीवालीचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. थापटायची आणि टाकायची, त्यात काय! हॉटेलात तसं नसतं. घरी माणूस वाट बघतो, हॉटेलात ट्रकवाला वाट बघत नाही. एक भाकरी ताटात, एक तव्यावर, एक निखाऱ्यावर आणि एक हातात, असं चक्र थांबता कामा नये. आणि त्या दुष्काळात ज्वारी कुठली आणायची? रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी, मिलो, यायची. तिला चिकटपणा म्हणून नाही. उकळतं पाणी ओतून, पीठ गरम असतानाच मळायचं, तेव्हा कुठं गोळा धरतो. हात भाजून निघायचे. एवढं करून पुढून गिऱ्हाईक ओरडायचं, "अक्का, ही भाकर हाय का घरावरचं कौल?" मी आतून ओरडायचे, "कौलच हाय, पावसाळ्यात उपेगी पडंल, न्या बांधून!"

भाकरीची पडवी मागं आणि जेवायचा हॉल पुढं. मध्ये एक खिडकी, तिच्यातून भाकरी पुढं सरकवायची. हॉटेलचा रिवाज असा की भाकरीवाल्या बायांनी पुढं यायचं नाही. गिऱ्हाइकाला भाकरी दिसावी, बाई दिसू नये. हॉटेलात कामाला जाणारी बाई म्हणजे लोकांच्या लेखी कोण, हे मी इथं सांगत नाही, सून गाळून टाकेल. एवढंच सांगते की माझ्या सख्ख्या भावानं त्याच्या मुलीच्या लग्नात मला मांडवात पुढं बोलावलं नाही. पाहुणे विचारतील म्हणाला, बहीण काय करते. त्याच्या घरात दोन वर्षं माझ्या पगाराचं तेल जळत होतं, ते त्याला चाललं.

जाऊ द्या. रस्त्यावरच्या हॉटेलात एक गोष्ट शिकायला मिळते. ज्याचा प्रवास बिघडला तो माणूस आधी खोटं बोलतो. गाडी चुकलेली असते, खिसा कापलेला असतो, कुणी न्यायला येणार होतं ते आलेलं नसतं, आणि हा म्हणतो, मला भूक नाही. उगाच बसलोय. आमचा वेटर हुसेन अशी माणसं बरोबर ओळखायचा. एकदा एक म्हातारा असाच बसून होता, उगाच बसलोय म्हणत. हुसेननं त्याच्यासमोर ताट आदळलं आणि दम दिला, "बाबा, हे चुकून जास्तीचं आलंय, तुमी न्हाई खाल्लं तर मालक मला बोलत्याल." म्हातारा मुकाट्यानं जेवला. हुसेनचं चुकून जास्तीचं आठवड्यातून दोनचारदा तरी यायचं. आमचे आचारी लक्ष्मणभाऊ, भट्टीसमोर घामाघूम, ते सगळं बघायचे आणि पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतायचे.

आता ती गोष्ट.

उन्हाळा होता आणि दिवस कलायला लागला होता. नगरहून आलेली एसटी आमच्या समोर येऊन बसली ती बसलीच. खालचं काहीतरी तुटलं. ड्रायव्हर-कंडक्टर खाली वाकून बघत राहिले. मागून येईल त्या गाडीत बाप्ये मंडळी टपावर, दाराला, मिळेल तिथं लोंबकळत निघून गेली, बाया आपापल्या माणसांबरोबर आत कोंबल्या गेल्या. शेवटी राहिली एक पोरगी आणि तिची लोखंडी ट्रंक.

नाव तिचं शालन. कर्जतकडची. शेतकऱ्याची पोर, शिकून मास्तरीण झालेली. पुणतांब्याजवळच्या एका गावात शाळेवर पहिलीच नेमणूक. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं, नाही झाली तर जागा दुसऱ्याला जाणार. त्या वर्षी त्यांच्या भागात रानात काडी उगवलेली नव्हती, आणि घरात नोकरीचं पहिलं माणूस ही. हे सगळं मला नंतर कळलं. भाऊ सोबत निघाला होता. नगरच्या स्टँडवर तो पाणी आणायला उतरला आणि कंडक्टरनं घंटी मारली. ही ओरडली, बाया ओरडल्या, तर कंडक्टर म्हणाला, येईल की मागच्या गाडीनं, लहान आहे का तो! भाऊ मागच्या गाडीनं आलाही. पण गच्च भरलेल्या गाडीत मधोमध उभा. कोल्हारला गाडी थांबली तेव्हा ही आमच्या हॉटेलात आत बसलेली. तो तसाच पुढं गेला, बहीण पोचली असेल असं समजून. तिकिटं, पैसे, सगळं त्याच्या खिशात.

ती आमच्या फॅमिली रूममध्ये बसली होती. फॅमिली रूम म्हणजे काय, तर फळ्या ठोकून केलेलं एक खोपटं आणि पुढं मळका पडदा. घरच्या बायकांना घेऊन कुणी आलं तर त्यांच्यासाठी. तिनं सगळा धीर गोळा करून हुसेनला विचारलं, इथं राहायला खोली मिळेल का? हुसेननं मालकाला विचारलं.

मालक म्हणाला, "एकटी? न्हाई न्हाई. एकट्या बाईला खोली द्यायची न्हाई. उद्या फौजदार दारात. आन् तिला त्या फॅमिली रूममधनं बी उठव. एकटी बाई म्हंजे फॅमिली न्हवं."

ही त्या माणसाची माणुसकी. हे शब्द त्याच्या फोटोखाली लिहा आणि मग हार घाला.

मला विचाराल तर सगळ्याच लॉजवाल्यांचा तेव्हा तोच कायदा होता. एकटा बाप्या कसाही असो, दारू पिऊन येवो, दुसऱ्याची बायको घेऊन येवो, त्याला खोली मिळायची. बाईला नाही. ती वाईट असेल म्हणून नाही, आणि चांगली असली तर तिला काही होईल म्हणून नाही. आपल्या डोक्याला ताप नको म्हणून.

हुसेन मागं आला. चेहरा पडलेला. म्हणाला, "अक्का, एक ताई हाय. अंधार पडाया लागला. काय करावं?"

मी म्हटलं, "काय करावं म्हंजे? आन तिला हिकडं."

तो पुढं ट्रंक घेऊन आणि ती मागं दहा हात अंतर ठेवून, अशी दोघं पडवीत आली. हुसेन ट्रंक ठेवून लगेच मागं फिरला, तिच्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "जेवलीस का?" तर म्हणाली, "भूक नाही, मावशी."

"बस गपगुमान," मी म्हटलं, "भूक न्हाई म्हणं!"

ती खाली बसली आणि रडायलाच लागली. तेवढ्यात मालकाच्या वहाणा वाजल्या. दिवे लागले की मागं फेरी मारायची त्याची सवय. आता ही दिसली की हाकलणार, आणि हाकलली तर जाणार कुठं? लक्ष्मणभाऊंनी भट्टीवरून बघितलं, दोन ढांगांत आले, परातीतला पिठाचा गोळा उचलून तिच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "पोरी, थाप."

तिला काय कळलं कोण जाणे, पण ती बसल्या जागी थापायला लागली. मालक दारात आला. पडद्यामागची पोरगी त्यानं स्वतः बघितलेली नव्हती.

"ही कोन नवी?"

"भाकरीवाली," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "सरूबाई तापानं पडलीया. हिला आणली दोन येळंपुरती."

मालक तिच्या हाताकडं बघत राहिला. मिलोची भाकरी ती, दुसऱ्या कुणाची असती तर तिथंच तिच्या चिंध्या झाल्या असत्या. पण कर्जतकडच्या पोरीनं तो दुष्काळ आमच्याआधी भोगलेला. भाकरी कशी गोल फिरली! "बरं थापती," मालक म्हणाला आणि गेला. सरूबाई, माझी जोडीदारीण, कोपऱ्यात ठणठणीत बसली होती. ती पदर तोंडात घालून इतकी हसली, की रडणारी पोरगीही हसली.

रात्री ती माझ्या खोलीत माझ्या वाकळेवर झोपली, मी आणि माझा पोरगा दाराशी. तिनं मला विचारलं, "मावशी, उद्या पोचेन ना?" मी म्हटलं, "पोचशील." दुसरं काय म्हणणार!

सकाळी तिकडची गाडी उशिरानं होती आणि मालक गल्ल्यावर. सोंग तर पार पाडायला हवं. म्हणून ती माझ्या शेजारी बसून थापत होती. आणि तेव्हा तो आला. मामा.

हा मामा म्हणजे शालनला जे स्थळ चालू होतं त्या मुलाचा मामा. लग्न जुळवण्यात पुढं पुढं करणारा. जनावरांसाठी उसाचे वाढे मिळतात का बघायला कारखान्याच्या बाजूला आला होता. टोपी, कोट, कपाळाला गंध. मोरीजवळच्या टेबलावर बसला. त्या एका टेबलावरून खिडकीतून आतलं दिसायचं. शालननं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मला म्हणाली, "मावशी, आमच्या ओळखीचे आहेत!" आणि खिडकीशी जाऊन तिनं हाक मारली, "मामा! ओ मामा!"

त्यानं बघितलं. नीट बघितलं. आणि खुर्ची फिरवून आमच्याकडं पाठ करून बसला. वर हुसेनला सांगितलं, "आणखी एक भाकर आण."

ती त्या खिडकीशी तशीच उभी. माझ्या हातातली भाकरी तव्यात करपली, आयुष्यात पहिल्यांदा. अहो, रस्त्यावर कुत्रं अडकलेलं दिसलं तरी माणूस थांबतो. त्यानं एवढंही विचारू नये, पोरी, तू इथं कशी? तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, ढेकर दिला, बडीशेप चघळत निघून गेला. मी पुढं जाणार होते त्याच्या अंगावर, सरूबाईनं हात धरला. मालकाला कळलं तर पोरीचेच वांधे होतील म्हणाली.

आमच्याकडं रोज जेवणारा एक एसटी ड्रायव्हर होता. लक्ष्मणभाऊंनी त्याला सांगितलं, आपली लेक समज आणि पुणतांब्याच्या गाडीत बसवून दे. त्यानं बसवून दिलं. ती वेळेत शाळेवर हजर झाली. भाऊही तिथंच सापडला, डोळे सुजलेले. तिकिटाचं कुणी काय केलं याचा हिशेब आमच्यात कुणी ठेवला नाही. आमच्या दृष्टीनं विषय संपला होता. सकाळच्या भाकरी झाल्या, आता दुपारच्या.

पण मामा गावाला पोचला होता. काही दिवसांनी भर दुपारी, हॉल गच्च भरलेला असताना, तिकडून आलेल्या गाडीतून तिघं उतरले. पुढं मामा. मागं मुंडासं बांधलेला, उन्हानं काळा पडलेला एक माणूस, तो शालनचा बाप. अण्णा म्हणायचे त्याला. आणि त्याच्या मागं शालन, हातात तीच ट्रंक. बापानं तिला शाळेतून उठवून आणलं होतं. आता गावी नेऊन घरी बसवायची. जाता जाता इथं खात्री करायची होती मामाला, म्हणजे त्याचा शब्द खरा ठरेल.

खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

मामा मालकाला म्हणाला, "इचारतो त्ये सांगा. ही पोरगी हितं ऱ्हायली हुती का?"

मालकानं छाती फुगवली. "आमच्या लॉजात एकट्या बाईला खोली देत न्हाईत. आजवर दिली न्हाई. रिवाजच हाय."

"मग ही हितं काय करत हुती?"

मालकानं निरखून बघितलं. "ही? ही तर भाकरीवाली. दोन येळा थापल्या आन् गेली न सांगता. आचाऱ्यानं आणलेली."

"ऐकलं का अण्णा?" मामा म्हणाला. "मी काय सांगत हुतो? नोकरी नोकरी म्हणून पोर घराबाहेर काढली, आन् ती हॉटेलात भाकरी थापती. असल्या घरची सोयरीक करायची का आमी?"

आख्खा हॉल जेवायचा थांबलेला. शालन म्हणाली, "अण्णा, मी सांगितलं ना तुम्हाला, तसंच झालं सगळं."

"तू गप ऱ्हा," बाप म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. मेलेला होता.

मी उठले. पिठाच्या हातानं, पदर खोचलेला, तशीच त्या हॉलमध्ये गेले. इतक्या वर्षांत पुढं पाऊल टाकलं नव्हतं ते टाकलं. मालक ओरडला, "गयाबाई, मागं हो!" मी म्हटलं, "थांबा तुमी. तुमची बारी यायचीय."

आणि बापाला सांगितलं. गाडी तुटली, भाऊ मागं राहिला, मालकानं उठवलं, मी ठेवून घेतलं, माझ्या वाकळेवर झोपली, मी दाराशी होते. सगळं.

मामा हसला. "हिची साक्ष काढायची व्हय आता? हॉटेलातल्या बाईची? आन् ट्रंक कुणी उचलली हुती, त्ये बी सांग की!"

शालननं बापाला खरं ते सांगितलं, ते त्यानंही ऐकलं होतं. असल्या माणसांना नेमकं ते कळतं. हुसेनचं नाव घेतलं की त्यातून काय शिजेल हे मला दिसत होतं. पण हुसेन हातातली ताटं खाली ठेवून स्वतःच पुढं आला. "मी उचलली," म्हणाला. "जड हुती. पुस्तकं हुती आत."

आणि मागून लक्ष्मणभाऊ आले, झारा हातात तसाच. "भाकरीवाली म्हणून मीच सांगितलं. मालक, तुमाला खोटं बोललो. तुमी हाकलली असती म्हणून बोललो."

मग मी मामाकडं वळले. म्हटलं, "तुमी त्या दिवशी त्या टेबलावर बसला हुता. हिनं तुमाला हाक मारली. मामा, ओ मामा. तुमी पाठ फिरवून बसलात आन् आणखी एक भाकर मागितली. हे सांगितलंत का ह्यांना?"

बाप हळूहळू मामाकडं वळला. "पोरीला बघितली म्हणलात. तिनं हाक मारली हे न्हाई बोललात."

"आता चारचौघांत हॉटेलातल्या बाईला कशाला वळख द्यायची..."

"माझी लेक हाय ती. एकटी हुती."

"व्हय, पर..."

"आन् तुमी जेवत बसला?"

मामानं टोपी सारखी केली, लग्नाचं आता आम्हाला विचार करावा लागेल म्हणाला. बाप म्हणाला, "तुमी नगा करू इचार. मी केला." मामा जो बाहेर पडला तो नगरच्या गाडीत बसूनच दिसेनासा झाला. हॉलमधले ट्रकवाले हसले. मला वाटलं, जिंकलो.

तर बाप शालनला म्हणतो, "चल. आपली बी गाडी येईल मागनं."

मी म्हटलं, "अण्णा, शाळा तिकडं हाय."

"खरं हाय ते कळलं मला, बाई. पर गावाचं तोंड मी कसं धरू? घरी ऱ्हाईल. काय असंल ते खाईल."

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या मामाचं समजू शकते, नीच होता. पण ह्याला खरं कळलेलं, पोरीचा काही दोष नाही हे कळलेलं, आणि तरी पुन्हा तेच! म्हणजे खरं बोलून उपयोग काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात शालननं ट्रंकेची एक कडी धरली. हुसेन सवयीनं पुढं झाला आणि आपोआप थांबला. त्याचं ते थांबणं मी कधी विसरणार नाही. मग दुसरी कडी मी धरली. रस्त्याच्या पलीकडं मनमाडची, शाळेच्या वाटेनं जाणारी गाडी येऊन उभीच होती. दोघींनी रस्ता ओलांडला. बाप मागून, "शाले! ए शाले!"

ती चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "अण्णा, उद्या शाळा आहे. माझ्या वर्गात पोरं येऊन बसतील. मी चालले. तुम्ही येता का पोचवायला?"

कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढा न्हाईतर बाजूला व्हा." बाप दोन्हीकडं बघत राहिला, आणि घंटी वाजल्यावर चढला.

शालन त्या शाळेवर टिकली. पुढं मुख्याध्यापिका झाली, तिच्या मनाजोगं लग्नही झालं. लक्ष्मणभाऊंना मालकानं त्याच दिवशी कामावरून काढलं, खोटं बोलले म्हणून. बायको आजारी असलेला माणूस, भट्टीवर अर्धं आयुष्य गेलेलं. मला काढलं नाही, कारण त्या उन्हात मिलोच्या भाकरी थापायला दुसरं कोण येणार होतं? हुसेनला महिनाभर पुढं वाढू दिलं नाही, भांडी घासायला लावली. मालकाच्या मुलानं ही कहाणी सांगताना हे सांगावं. सांगणार नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला बाप परत आला. एकटाच. शाळेत सोडून आलो म्हणाला. नगरची गाडी यायला वेळ होता. सरूबाईनं खिडकीतून त्याला ताट दिलं, पिठलं आणि भाकरी. त्यानं मला बोलावून घेतलं. त्या दिवशी एकदा पुढं गेलेच होते, पुन्हा गेले. मालक गल्ल्यावरून बघत राहिला.

बापानं हात जोडले. "बाई, लई दया केलीत आमच्यावर. देव तुमचं भलं करंल." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं. मलाही भरून आलं. मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली करून तो म्हणाला, "येक इनंती हाय. आमच्या पोरीनं हितं हॉटेलात भाकरी थापल्या, हे कुणाला सांगू नगा. चांगल्या घरची पोर हाय. नाव जाईल."

मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

म्हटलं, "ही बी हॉटेलातल्याच बाईनं थापलीया, अण्णा. माझ्या हातची हाय. खाऊ नगा, नाव जाईल."

त्याचा घास तोंडातच राहिला. माझ्याकडं बघत राहिला. मग त्या माणसानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढं पसरले, भाकरीसाठी.

मी लगेच नाही दिली. बसू दिलं त्याला तसंच, हात पसरून, थोडा वेळ.